क्लच निवडताना : जोर किती आणि पाय कोणाचा



शर्यतीच्या मोटारीचा क्लच कसा निवडावा, असा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. वर्ध्यात अशी मोटार आहे कोणाकडे, हा आक्षेप रास्त आहे. माझ्याकडे तर नाहीच. परंतु हा प्रश्न मला खरोखरच विचारण्यात आला आणि त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते मोटार नसणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे, अशी माझी खात्री झाली. म्हणून हे धाडस.

प्रश्न विचारणारा मुलगा हिंगणघाटचा. त्याचे वडील गिरणीत होते आणि युनियनच्या कामात माझ्याबरोबर असत. मुलगा पुण्याला एका कारखान्यात मेकॅनिक आहे. तिथे श्रीमंत तरुण आपापल्या मोटारींच्या इंजिनांचा जोर वाढवून घेतात. एका रात्री त्याचा फोन आला. "काकाजी, एका गिऱ्हाइकानं इंजिनाचा जोर सव्वापट करून घेतला. आता क्लच स्लिप मारतो. तो म्हणतो, बाजारात सगळ्यांत कडक असेल तो बसव, पैशाचं पाहू नको. बसवू का?"

मी म्हटले, "बाबू, बसवण्याआधी दोन गोष्टी विचार. जोर किती, आणि पाय कोणाचा?"

आजचे व्याख्यान म्हणजे या दोन प्रश्नांचा विस्तार समजा.

प्रथम क्लच लागतोच कशाला, ते पाहू. आपल्या जिल्ह्याचा गवळाऊ बैल चपळाईसाठी प्रसिद्ध आहे. शंकरपटात ही जोडी आपण पाहिली असेल. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले आणि २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळून पुन्हा सुरू झाले. पटाच्या सुरुवातीला जोडी स्तब्ध उभी असते आणि इशारा होताच जागच्या जागेवरून पूर्ण ताकदीने ओढते. शून्य गतीलाही बैलाच्या अंगात जोर असतो. म्हणून बंडीला क्लच नसतो.

तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे तसे नाही. मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली ते गेले की गुदमरून बंद पडते. त्याला सतत फिरत राहावे लागते. इकडे चाके तर उभी असतात. एक फिरते आहे, दुसरे उभे आहे, आणि दोघांना जोडायचे आहे. एकदम जोडले तर इंजिन बंद पडेल किंवा काही तरी मोडेल. तेव्हा मध्ये असा दुवा हवा, जो थोडा वेळ घसरू देईल आणि घसरता घसरता दोघांची गती एक झाली की घट्ट धरून ठेवील. तो दुवा म्हणजे क्लच.

त्याची रचना सोपी आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये, दोन तव्यांमध्ये भाकरी दाबून धरावी तशी, क्लचप्लेट असते आणि तिचा संबंध गिअरबॉक्सशी असतो. प्रेशर प्लेटच्या मागची स्प्रिंग भाकरीला सतत दाबून ठेवते. आपण पाय दाबतो तेव्हा स्प्रिंगचा दाब उचलला जातो. म्हणजे धरण्याचे काम स्प्रिंगचे आणि सोडवण्याचे काम पायाचे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. स्प्रिंग जितकी कडक, तितके पायाला जास्त कष्ट.

आता पहिला प्रश्न : जोर किती? येथेच बहुतेकांची फसगत होते. लोक अश्वशक्ती विचारतात, पण क्लचला अश्वशक्तीशी थेट कर्तव्य नाही. त्याला सहन करावा लागतो पीळ, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत टॉर्क. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर लावला की सुमारे शंभर न्यूटन-मीटर पीळ पडतो. अश्वशक्तीवरून पीळ काढायचा तर तिला ७,१२० ने गुणावे आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे.

उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातच घडवलेली एक शर्यती धाटणीची मोटार आहे. दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेची 'अवंती'. २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिच्यात फ्रान्सच्या रेनो कंपनीचे दोन लिटरचे टर्बो इंजिन. शक्ती २५० अश्वशक्ती, पीळ ३४० न्यूटन-मीटर. पुढे तिची ३१० अश्वशक्तीची आवृत्तीही जाहीर झाली. आता दुसरीकडे एक साधी प्रवासी बस घ्या. समजा, तिचे इंजिन १३० अश्वशक्तीचे आहे आणि ही शक्ती ते २,४०० फेऱ्यांना देते. हिशोब करा : पीळ सुमारे ३८५ न्यूटन-मीटर. म्हणजे अश्वशक्ती निम्मी, पण क्लचवरचा पीळ त्या चमकदार मोटारीपेक्षा अधिक! शर्यतीची मोटार आपली शक्ती वेगाने फिरून मिळवते. बस सावकाश फिरून, ताकद लावून मिळवते. तेव्हा दुकानात जाऊन "अडीचशे घोड्यांचा क्लच द्या" म्हणणाऱ्याने निम्मीच गोष्ट सांगितली असे समजावे.

क्लच किती पीळ धरील, हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. स्प्रिंगचा दाब, अस्तराचे घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या, आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. समजा, प्लेटचा बाहेरचा व्यास २४० आणि आतला १६० मिलिमीटर आहे. सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर, म्हणजे मीटरचा दहावा भाग. स्प्रिंगचा दाब ७,००० न्यूटन, म्हणजे आपल्या कापसाच्या मापात सुमारे सात क्विंटल. नेहमीच्या अस्तराचा घर्षणांक ०.३ धरू. प्लेटला बाजू दोन. गुणाकार केला की उत्तर येते ४२० न्यूटन-मीटर.

इंजिनाचा पीळ ३४० आणि क्लचची धारणा ४२०. कोणी म्हणेल, सव्वापट कशाला, बरोबरीचाच का नको? कारण क्लच तापला की अस्तराचे घर्षण उतरते. ०.३ चे ०.२५ झाले तर तीच धारणा ३५० वर येते. अस्तर झिजले, स्प्रिंग थकली, की तेवढीही उरत नाही. तेव्हा हा सव्वापटीचा राखीव भाग चैन नव्हे. तो संसारातल्या शिलकीसारखा आहे.

आता त्या गिऱ्हाइकाकडे वळू. त्याच्या मोटारीचे आकडे साधारण असेच होते. सव्वापट वाढून पीळ झाला ४२५. राखीव धरून क्लच हवा सुमारे ५३० चा. तो मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत आणि प्रत्येकाची किंमत कोणी तरी मोजतो.

पहिला मार्ग, स्प्रिंग कडक करणे. दाब ७,००० चा ९,००० न्यूटन केला की धारणा ५४० होते. स्वस्त आणि सरळ उपाय. पण पेडल पूर्वी पंधरा किलोच्या जोराने दबत असेल, तर आता एकोणीस किलो लागतील. फार वाटत नाही ना? शहरच्या गर्दीत दिवसाला पाचशे वेळा क्लच दाबावा लागला असे धरा. पूर्वी डावा पाय दिवसभरात पंच्याहत्तर क्विंटल ढकलत होता. आता पंचाण्णव ढकलील. शिवाय पेडल दाबताना तोच वाढीव दाब इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या थ्रस्ट बेअरिंगवरही पडतो. पाय दुखतो ते कळते. बेअरिंग झिजते ते कळत नाही.

दुसरा मार्ग, अस्तर बदलणे. नेहमीचे अस्तर तंतू आणि राळ यांचे असते. ते हळुवार धरते, मात्र फार तापल्यास जळते. त्याऐवजी धातू व सिरॅमिक यांच्या मिश्रणाच्या वड्या बसवलेली प्लेट घेतली आणि घर्षणांक ०.४ मिळाला, तर जुन्या स्प्रिंगवरच धारणा ५६० होते. पाय हलका राहतो, उष्णताही सोसते. पण ही प्लेट धरते ती एकदम, कुत्र्याने लचका तोडावा तशी. रांगेत गाडी इंचाइंचाने पुढे घेताना हिसके बसतात, गाडी थरथरते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर खरवडला जातो. शर्यतीच्या पट्टीवर ही प्लेट उत्तम. शाळेत मुलाला सोडायला निघालेल्या माणसाला ती शिक्षा. या दोहोंच्या मध्ये अरामिड धाग्यांचे अस्तर येते. ते टिकाऊ आणि गुळगुळीत, मात्र ते बसायला वेळ घेते आणि एकदा अति तापवले की पूर्ववत होत नाही.

तिसरा मार्ग, दोन प्लेटांचा क्लच. आता घासणाऱ्या बाजू चार झाल्या. दाब ७,००० वरून ४,५०० न्यूटनपर्यंत उतरवला तरी धारणा ५४० भरते. जोर वाढला आणि पेडल उलट हलके झाले. हा सर्वांत चांगला मार्ग दिसतो. पण तो महाग असतो, आत जागा लागते, मोकळे असताना आवाज करतो, आणि बसवणारा जाणकार नसेल तर दोन प्लेटा नीट सुटत नाहीत व गिअर अडकतात.

प्लेट मोठ्या व्यासाची घेणे हाही एक उपाय आहे. परंतु फ्लायव्हील आणि त्यावरचे घर मोठे असल्याशिवाय तो साधत नाही.

आता उष्णतेकडे पाहू. क्लच कुठे झिजतो? पुष्कळांना वाटते वेगाने झिजतो. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाला. तिथे शेकडो किलोमीटर एकाच गिअरात धावणाऱ्या गाडीचा क्लच जवळजवळ झिजतच नाही, कारण तो पूर्ण धरलेला असतो, घसरत नाही. क्लच झिजतो तो आपल्या बजाज चौकात, उभ्या गाडीला हलवताना.

त्याचाही हिशोब आहे. इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवून उभी गाडी क्लचच्या आधारे गतीला आणली, तर गाडीच्या अंगी जेवढी ऊर्जा येते, तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन वाया जाते. दीड टनाची गाडी ताशी ३६ किलोमीटरला आणताना ही उष्णता ७५ किलोज्यूल भरते. पाव लिटर पाणी, म्हणजे दोन कप चहाचे आधण, उकळायला जेवढी उष्णता लागते तेवढी! आता शर्यतीत इंजिन किंचाळत ठेवून क्लच ताशी ५४ किलोमीटरपर्यंत घसरवला, तर गती दीडपट पण उष्णता सव्वादोनपट. अशा दहा उड्या लागोपाठ मारल्या तर आतले लोखंड निवायला सवड कुठली? म्हणून गिऱ्हाइकाला तिसरा प्रश्न विचारावा लागतो : महिन्यातून किती वेळा शर्यत, आणि रोज किती वेळ गर्दी? कोणत्याही एका क्लचला दोन्हींची पूर्ण मर्जी राखता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वांत कडक क्लच बसवला म्हणजे काही मोडणारच नाही, ही समजूत खोटी आहे. घरात विजेचा फ्यूज जळतो म्हणून तिथे जाड तार घालणारे शहाणे आपण पाहिले आहेत. फ्यूज मग जळत नाही. भिंतीतली वायर जळते. क्लचचेही तसेच. वाजवीपेक्षा जोर आला की तो घसरतो आणि मागच्या गिअरांना वाचवतो. त्याला अवाजवी घट्ट केले की तो धक्का गिअरबॉक्सचे दात, अॅक्सल आणि जोड यांच्यावर जातो. क्लचप्लेट हे झिजण्यासाठीच केलेले अंग आहे; गिअरबॉक्स तसे नाही. म्हणून धारणा पिळाच्या सव्वापट असावी, फार तर दीडपट. दुप्पट, तिप्पट घेणारा माणूस आपली मोडतोड फक्त पुढे ढकलतो.

नवा क्लच निवडण्यापूर्वी जुन्याचा पंचनामा करावा, हा माझा आग्रह आहे, आणि तो मी अनुभवाने शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालवाहू गाड्यांच्या मालकाने आमच्या एका ड्रायव्हरच्या पगारातून जळलेल्या क्लचची किंमत कापली. "अर्ध्या क्लचवर गाडी चालवतो, म्हणून जळला," असे त्याचे म्हणणे. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा असे घडले होते. मी म्हटले, प्लेट दाखवा. प्लेट भंगारात पडली होती ती आणवली. तिचे अस्तर तेलाने काळे झाले होते. हात लावला की बोटाला चिकटत होते. इंजिनाच्या मागचे ऑइल सील गळत होते आणि दोन्ही वेळा ते न बदलता फक्त प्लेट बदलली होती, तीही स्वस्तातली, विनानावाची. तेल लागलेला क्लच कोणताही ड्रायव्हर वाचवू शकत नाही. पगार परत मिळाला. पण ती प्लेट पाहायची कोणाला सुचले नसते तर?

म्हणून खुणा शिकाव्यात. अस्तर सारखे झिजून रिव्हेटांना टेकले असेल तर क्लच आपले आयुष्य जगून मेला. तेल असेल तर सील पाहावे. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक तडे असतील तर उष्णता फार झाली; कारण घसरवण्याची सवय किंवा धारणा अपुरी. प्लेट एकीकडे जास्त झिजली असेल तर बसवण्यात वाकडेपणा. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटल्या असतील तर धक्के फार बसले. खरे कारण राहिले आणि नुसता महाग क्लच बसवला, तर महाग क्लचही त्याच मार्गाने जातो.

क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि पुष्कळदा सुट्या भागाइतकीच मजुरी होते. तेव्हा एकदा उघडले की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे. फ्लायव्हील तासून सपाट करावे किंवा बदलावे, आणि सील पाहावे. हल्लीच्या टर्बो गाड्यांत दोन भागांचे फ्लायव्हील येते. ते इंजिनाची थरथर आतल्या आत गिळते. ते काढून एकसंध बसवले तर मजबुती येते, पण उभ्या गाडीत गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे, म्हणजे नंतर भांडण होत नाही. नव्या प्लेटचे दाते आपल्या दांड्याशी जुळतात का, हे बसवण्यापूर्वी हाताने सरकवून पाहावे. आणि पहिले सातआठशे किलोमीटर गाडी सौम्यपणे, थांबत-निघत चालवावी. अस्तर आणि लोखंड यांची ओळख होऊ द्यावी.

शेवटची गोष्ट माझ्या धंद्यातली आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लचच्या घरात काळी भुकटी साचते. पोरे ती हवेच्या नळीने फुंकून उडवतात, आणि एका क्षणात सगळे धुक्यात उभे राहतात. जुन्या काळी क्लचच्या अस्तरात सर्रास अॅस्बेस्टॉस असे. त्याचे सर्व प्रकार कर्करोगाला कारण होतात, हे आता जगभर मान्य आहे आणि तो रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. नामवंत कारखान्यांची अस्तरे आज अॅस्बेस्टॉसविरहित म्हणून विकली जातात. पण विनानावाच्या डब्यात काय आहे ते कोण सांगणार? तेव्हा खरेदी करताना डब्यावर 'अॅस्बेस्टॉसविरहित' असे छापलेले आणि बनवणाऱ्याचे नाव असलेलाच माल घ्यावा, आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये. दोनशे रुपये वाचवून पोराची छाती विकत देणे हा सौदा कोणत्याही मालकाने करू नये आणि कोणत्याही कामगाराने होऊ देऊ नये.

त्या हिंगणघाटच्या मुलाचे काय झाले, ते सांगतो. त्याने गिऱ्हाइकाला कडक क्लचच्या एका गाडीत बसवून पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास फिरवून आणले. गिऱ्हाईक उतरला तो मांडी चोळतच. रोज कचेरीला जायचे आणि वर्षातून दोनदा शर्यतीला, हा त्याचा खरा हिशोब निघाला. शेवटी इंजिनाचा पीळ ४२५ वरून ४०० वर उतरवून घेतला आणि स्प्रिंग वीस टक्क्यांनीच कडक असलेला, चांगल्या अस्तराचा ५०० धारणेचा क्लच बसवला. पेडल पंधरा किलोंऐवजी अठरा किलोंनी दबते. गिऱ्हाइकाने पंचवीस न्यूटन-मीटर सोडले आणि गुडघा राखला. मुलगा म्हणाला, "काकाजी, महाग क्लच विकला असता तर मालकाला जास्त पैसे मिळाले असते." मी विचारले, "मालक रागावला का?" म्हणाला, "पहिले दोन दिवस. मग त्या गिऱ्हाइकानं आणखी तीन गाड्या पाठवल्या."

वाटाघाटीत माझे आयुष्य गेले, म्हणून मला हे यंत्र आवडते. त्याच्या एका बाजूला वेगाने फिरणारे असते, दुसऱ्या बाजूला उभे असलेले, आणि त्यांना जोडणाऱ्याला थोडे घसरावे लागते, थोडे झिजावे लागते. आपल्यापैकी कोणी उद्या ट्रॅक्टरचा, जीपचा किंवा मुलाच्या हौसेच्या मोटारीचा क्लच बदलायला जाईल, तेव्हा त्याने दुकानदाराला "सर्वांत कडक कोणता?" असे विचारू नये. इंजिनाचा पीळ किती, गाडी चालते कुठे, जुना क्लच कशाने गेला, आणि पेडलवर पाय कोणाचा, एवढे कागदावर लिहून न्यावे. उरलेले काम गुणाकाराचे आहे, आणि गुणाकार आपल्याला शाळेतच शिकवला आहे.